पाऊल टेकताना

“आईला जागा सांगू नगा रं. तिनं इचारलं तरी सांगू नगा.”

प्रयागबाईचा हा आवाज नूतननं निमगाव सावाच्या घरात बाजेवर पडल्या पडल्या ऐकला होता. प्रयागबाई म्हणजे तिच्या नवऱ्याची, संपतची, थोरली चुलती. बाळंतिणीच्या खोलीला दार नव्हतं, जुन्या लुगड्याचा पडदा होता, आणि पडद्यापलीकडं पुरुषमाणसं आपापल्या चपला शोधत होती. आवाजात दुष्टावा नव्हता. सायीचं पातेलं झाकून ठेवा, मांजर फिरतंय, असं म्हणावं तसा तो काळजीचा, रोजचा आवाज होता. मग चपला अंगणातून गेल्या, फाटक कुरकुरलं, आणि बारशाआधीच गेलेली तिची पहिली मुलगी, जिला अजून नावही नव्हतं, संपतच्या हातांतून घराबाहेर गेली. दात न आलेल्या लेकराला जाळत नाहीत, पुरतात. पुरायला पुरुष जातात. आणि जागा आईला कळली तर तिचा जीव तिथंच घुटमळत राहतो, पुढं कूस उजवत नाही, असं म्हाताऱ्या सांगत. नूतन रडली नाही. कान देऊन चपलांचा आवाज कुठल्या अंगाला वळतो ते ऐकत राहिली, ओढ्याकडं की मळ्याकडं. पण फाटकापाशी कुणाची तरी सायकल पडली, म्हातारे ‘हळू, हळू’ म्हणाले, आणि त्या गोंधळात दिशा हरवली. दुधाला मात्र कुणी काही सांगितलं नव्हतं. ते आपलं येत राहिलं.

आणि आज, इतक्या वर्षांनी, नारायणगावातल्या भाड्याच्या ब्लॉकच्या गॅलरीत उभी असताना, पुण्याची एक मुलगी मोबाइलवर फार गोड आवाजात विचारत होती, “मॅम, ऑनलाइन समुपदेशनाचा तुम्हाला कितपत फायदा झाला? चार पर्याय वाचते हं. अजिबात नाही, थोडा, बराच, पुष्कळ.” प्रश्न साधा होता. गिऱ्हाइकाला दुकानदार विचारतो तसा. पण त्याच्या पाठोपाठ नूतनच्या कानात एकाएकी प्रयागबाई बोलली, इतकी जवळून की तिनं मान वळवून मागं बघितलं. मागं संपत होता. खोलीत फरशीवर वर्तमानपत्र पसरून त्यानं मिक्सर उघडला होता. रविवारी ठिबक सिंचनाच्या दुकानाला सुट्टी असली की त्याच्या हातांना घरातलं काहीतरी खोलायला लागायचं. “कोन गं?” त्यानं स्क्रूड्रायव्हर दातात धरून विचारलं. “क्लासचं हाय,” ती फोनवर हात ठेवून म्हणाली. “मंग बोल. हा तुजा मिक्सर काय आज हूत न्हाई. माहेरचा हाय ना, एकदा बोलाय लागला की थांबत न्हाई, आन थांबला की बोलत न्हाई.” ती हसली. घोडेगावच्या माहेरावरून तो तिला असं काही ना काही बोलायचाच, आणि ती हसायची. त्यांचं बरं चाललं होतं. खरंच बरं चाललं होतं. आरोही पहिलीतून दुसरीत गेली होती, आत्ताही खाली पोरींत लगोरी खेळत होती, तिचा आवाज वर येत होता. “पुष्कळ,” नूतन फोनमध्ये म्हणाली.

ती मुलगी म्हणजे केतकी, कॉलेजात मानसशास्त्र शिकणारी. पुण्याच्या एका संस्थेनं इंटरनेटवरून फुकट समुपदेशन सुरू केलं होतं, त्याचा लोकांना काय गुण आला यावर ती प्रबंध लिहीत होती. पूर्वी ज्यांनी ज्यांनी तिथं बोलून घेतलं होतं आणि ‘नंतर फोन केला तर चालेल’ म्हटलं होतं, त्यांना ती फोन करत होती. ‘नंतर फोन केला तर चालेल?’ या प्रश्नालाही नूतन ‘चालेल’ म्हणाली होती. तिला कधी कुणाला नको म्हणता आलं नव्हतं. तीच तर गंमत होती. ज्या बाईशी ती मोकळं बोलायला गेली, त्या बाईलाही तिला नको म्हणता आलं नाही.

दोन वर्षांमागची गोष्ट. नूतन बसस्टँडमागच्या कॉम्प्युटर क्लासमध्ये शिकवायला लागली होती. दुपारची बॅच गेली की पोरांच्या घामाचा आणि तापलेल्या मॉनिटरचा वास असलेल्या त्या खोलीत ती एकटी उरायची. झोप लागत नव्हती तेव्हा. अंग थकलेलं असायचं, पण डोळा मिटला की पायांना उंचावरून पडल्यासारखा हिसका बसायचा. क्लासच्या सरांनी कुठल्याशा पानावर जाहिरात बघून सांगितलं, मॅडम, बोलून बघा, नाव खरं द्यायचं काही कारण नाही, तोंडही दिसत नाही. तोंड दिसत नाही, हे तिला आवडलं. तिची आई पहाटे जात्यावर बसायची तेव्हा अंधारात तिचं तोंड दिसायचं नाही, नुसता आवाज आणि जात्याची घरघर. दिवसा चार शब्द न बोलणारी ती बाई तेव्हा सासूचं, दिराचं, न आलेल्या भावाचं सगळं सगळं त्या दगडाला सांगायची. दगड फिरायचा आणि पीठ पडायचं. नूतनला वाटलं, हेही तसंच असेल. इंग्रजी अक्षरांत मराठी लिहायचं, बटण दाबायचं, आणि पलीकडं कुणीतरी ते दळून पांढरं करून टाकील.

पण जात्याला उलटून विचारता येत नाही, आणि पलीकडच्या समुपदेशक वृंदा मॅडम विचारायच्या. “नमस्कार नूतनताई. हा आठवडा कसा गेला?” अशी त्यांची सुरुवात असायची. त्या प्रश्नाशी नूतनची पहिली चूक झाली. तिच्या घरात कुणी पावणं दारात आलं आणि ‘कसं काय?’ म्हणालं, की आतमध्ये आग लागलेली असली तरी ‘बरं हाय’ म्हणायचं, पाण्याचा तांब्या पुढं करायचा. आलेल्या माणसाच्या पदरात आपलं रडगाणं बांधून त्याला वाटेला लावायचं नाही. वृंदा मॅडम तर पुण्याच्या, शिकलेल्या, फुकट वेळ देणाऱ्या. त्यांना रिकामं कसं धाडायचं? ‘बरं आहे मॅडम,’ तिनं टाइप केलं. ‘थोडी झोप येते आता.’ आली नव्हती. पलीकडून लगेच उत्तर आलं, “अरे वा! छान वाटलं ऐकून.” आणि नूतनला खरोखरच बरं वाटलं, पंगतीत एखाद्यानं दुसऱ्यांदा भाजी मागून घेतल्यावर वाढणारीला वाटतं तसं. मग तिला तेच जमत गेलं. दर आठवड्याला ती थोडी थोडी बरी होत गेली, पडद्यावर. क्लासचा ताण, घरची धावपळ, सरांचं उशिरा पगार देणं, असं एकेक ती मॅडमच्या पुढं ठेवी; मॅडम त्यावर प्रेमानं बोलत; पुढच्या वेळी ती कळवी, फरक पडला. ज्याच्यासाठी आली होती ते मात्र पडद्याआड बाजेवर तसंच पडून होतं.

एकदा मॅडमनी तिला एक व्यायाम दिला. मन कुठंही भरकटलं, भीती वाटली, की खुर्चीत नीट बसायचं, चपला काढायच्या आणि दोन्ही पाय जमिनीवर घट्ट टेकवायचे. “खालची जमीन पायांना जाणवू द्या, नूतनताई. ती तुम्हाला धरून आहे, हे स्वतःला सांगा. आत्ता करून बघता का? मी थांबते.” नूतन पडद्याकडं बघत राहिली. तिचे पाय खुर्चीच्या दांडीवर वर घेतलेले होते. जमीन. मॅडमना काय ठाऊक! या बाईची सगळी दुखणी जमिनीपाशीच येऊन थांबतात, हे त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. निमगावला गेलं की नूतन शेतात पाय टेकवायचीच नाही नीट. पेरणीला, खुडणीला, देवाला, जावंच लागायचं. बांधावरून चालताना ती टाचा उचलून, चवड्यांवर चालायची, निजलेल्या पोराच्या अंथरुणाकडेनं जावं तशी. बाजरीच्या रानात जावा बिनघोर चालत जायच्या, आणि ही थबकायची, इथं तर नसंल? तण काढायचं कोळपं मातीत चाललं की ती पाठ फिरवायची. एका जागी गवत जास्त हिरवं दिसलं की डोळे तिथंच अडकायचे. जागा एक असती तर तिनं ती एक जागा टाळली असती, नाहीतर तिथं जाऊन बसली असती. पण प्रयागबाईनं जागा काढून घेतली आणि तिच्या बदल्यात सगळा शिवार तिच्या पायांखाली घातला. शेवटी तिनं आपली आपणच एक जागा ठरवून टाकली होती. ओढ्याकाठच्या करंजाखाली. का, ते सांगता आलं नसतं; सावली बरी होती म्हणून. गावी गेली की माघारी निघताना तिथं ती तांब्यातलं उरलेलं पाणी ओतायची, कुणी बघत नाही असं बघून. तेव्हा आतून आपोआप काहीतरी आईच्या दळणाच्या तालावर फिरायचं,

भुई गं मायबाई, तुझ्या पदराची मोठी घडी
कुठं ठेविलीस सांग, माझी इवलीशी कुडी

आणि ती ओठ मिटून घ्यायची. तर आता या बाईला मॅडम म्हणत होत्या, पाय घट्ट टेकवा. कॉम्प्युटर क्लासच्या फरशीवर टेकवायला काय हरकत होती? फरशीच ती. पण पाय उतरले नाहीत. मॅडम थांबल्या होत्या. पडद्यावर कर्सर लुकलुकत होता. मग तिनं टाइप केलं, ‘हो, केलं. खूप शांत वाटलं.’ “वा! बघा, किती सोपं असतं,” पलीकडून आलं.

आज केतकी तेच विचारत होती. “मॅम, समुपदेशकांनी दिलेले व्यायाम उपयोगी पडले का?” “पुष्कळ.” “समोरासमोर नसल्यामुळे मोकळं बोलता आलं?” “हो. पुष्कळ.” संपतनं आत मिक्सरची मोटर बाहेर काढली होती आणि तिच्यावरची मिरचीपूड फुंकून तो स्वतःच शिंकत होता. “आयला, या बाईनं सगळा मसाला मोटरलाच खाऊ घातलाय,” तो स्वतःशीच म्हणाला. केतकी विचारत होती आणि नूतन ‘पुष्कळ’ वाढत होती. अगदीच काही मिळालं नव्हतं असंही नव्हतं. खरं सांगायचं तर मिळालं होतं, पण केतकीच्या चार पर्यायांत ते बसत नव्हतं. दर गुरुवारी दुपारी कुणीतरी आपल्यासाठी थांबलेलं असतं, हेच मिळालं होतं. ‘मी थांबते’ हे दोन शब्द. आपण टाइप करत असताना पलीकडच्या माणसाला तसं दिसतं म्हणे. म्हणजे आपण बोललो नाही तरी बोलायला लागलोय, एवढं तरी तिथं पोचतं. संसारात इतकं कुठं कुणाला पोचतं? त्या तासात तिची बोटं की-बोर्डवर असायची आणि ती कुणाची आई, बायको, सून नसायची. होती ती नुसती एक न सांगितलेली गोष्ट. तिच्या कडेकडेनं ती फिरून यायची, ओढ्याकाठी फिरावं तशी. पण फिरून येण्यानं पोट भरत नाही.

एकदा सांगत होती. अगदी सांगायलाच लागली होती. त्या दिवशी आभाळ भरलं होतं, क्लासात अंधार होता, आणि मॅडमनी नेहमीचं काही न विचारता नुसतं लिहिलं होतं, “आज तुम्ही गप्प आहात.” बस्, एवढंच. कसं काय विचारलं असतं तर तिनं बरं आहे म्हटलं असतं. पण गप्प आहात याला काही ठरलेलं उत्तर नव्हतं. तिची बोटं आपली आपण चालायला लागली. ‘मॅडम, माझी एक मुलगी’ इतकं लिहून झालं, बटण दाबलं, ते गेलं, आणि लाईट गेली. लोडशेडिंगची वेळ नव्हती, तरी गेली. मॉनिटर टिक् करून काळा झाला आणि त्यात तिला स्वतःचं तोंड दिसलं, अर्धवट उघडं. लाईट आली तेव्हा मॅडमचे निरोप येऊन पडले होते. “हो, सांगा ना.” “नूतनताई?” “लाईट गेली असेल. काळजी घ्या. मी आहे.” पुढच्या गुरुवारी त्यांनी आठवणीनं विचारलं, “त्या दिवशी मुलीबद्दल काही सांगत होतात.” आणि नूतननं लिहिलं, ‘हो. माझी एक मुलगी आहे, आता पहिलीत जाईल, असं सांगत होते.’ मॅडमनी लिहिलं, “अरे वा. नाव काय?” ‘आरोही.’ “किती गोड नाव.” त्याच्या पुढच्या महिन्यात मॅडमनीच म्हटलं की तुम्ही आता छान सावरलात, हवं तेव्हा परत या. पावणी पोटभर जेवून, समाधानानं हात धुऊन गेली, आणि नूतन रिकामी ताटं घेऊन उभी राहिली. किती चांगली बाई होती. किती जवळ येऊन गेली. तिला एकदा नीट वाढलं असतं, जे शिजत होतं तेच वाढलं असतं, तर.

“मॅम, शेवटचा प्रश्न,” केतकी म्हणाली. “समुपदेशकांना सांगायचं राहून गेलं असं काही आहे का? बहुतेक जण नाही म्हणतात. मग, नाही लिहू?”

खाली आरोही ओरडली, “मी न्हाई आऊट! मी न्हाई!” नूतननं गॅलरीचा कठडा धरला. “हॅलो? मॅम? आवाज येत नाहीये. थोडं मोठ्यानं बोलता का?” मोबाइलची रेंज गॅलरीच्या कोपऱ्यातच काय ती असायची, तिथंही धरसोड करायची. “हॅलो?”

“राहिलं,” नूतन म्हणाली.

“काय मॅम?”

“राहिलं म्हणते मी!” तिचा आवाज एवढा मोठा निघाला की शेजारच्या गॅलरीतल्या बाईनं वाळत घातलेल्या चादरीवरून बघितलं. “सांगायचं राहिलं. मला दोन मुली. थोरली बारशाआधी गेली. तिला कुठं पुरलंय ते मला ठाऊक नाही. कुणी सांगितलं नाही मला. मॅडम म्हणायच्या, पाय घट्ट टेकवा. मी एकदासुद्धा टेकवले नाहीत. खोटं लिहिलं मी. मला गावात पाऊल टाकायची भीती वाटते. कुठं टाकू? कुठंही टाकलं तरी ती खाली असंल असं वाटतं मला.”

रेंज गेली का काय, म्हणून तिनं फोन कानापासून काढून बघितला. मग केतकीचा आवाज आला, मघाचा गोडवा गेलेला, एकदम लहान मुलीसारखा. “मॅम... सॉरी. मला... हे मी कसं लिहू?”

“कसंही लिही बाळा. पण ते फायदा पुष्कळ म्हटलंय, ते खोड. आणि वृंदा मॅडमचा दोष नाही असं लिही. त्यांनी विचारलं होतं. थांबल्या होत्या त्या. मीच...” तिनं कठडा सोडला. “ठेवते,” ती म्हणाली, आणि ठेवलं.

खोलीत स्क्रूड्रायव्हरचा आवाज येत नव्हता. ती वळली. संपत वर्तमानपत्रावर तसाच मांडी घालून बसला होता, मोटर दोन्ही हातांत धरून. त्याची नजर मोटरवर होती, पण मोटर तो बघत नव्हता. आपण क्लासचं सांगितलं आणि हे काय ऐकवलं, असं तिच्या मनात आलं; पाठोपाठ, आता हा उठून बाहेर जाईल, असं आलं. त्या वर्षी, बाळंतिणीच्या खोलीतून बाहेर आल्यावर, तिनं त्याला एकदाच विचारलं होतं, “कुठं ठेवली?” आणि तो “नगं इचारू” म्हणून गोठ्याकडं निघून गेला होता. त्यानंतर त्यांनी घर बदललं, गाव बदललं, दुसरी मुलगी झाली, फ्रिज घेतला, हसले, भांडले. पण तिनं पुन्हा कधी विचारलं नाही.

तो उठला नाही.

“मला वाटलं, तू इसरली,” तो म्हणाला.

“इसरली?”

“परत इचारलं न्हाईस ना. म्हटलं, बरं झालं, इसरली. मंग एकदा करंजाखाली बघितलं तुला. तांब्या उपडा करताना.” त्यानं मोटरवरची मिरचीपूड अंगठ्यानं पुसली. “दर साली बघायचो. वाटायचं जाऊन सांगावं, तिथं न्हाई ती, उगं पानी घालतीस. पर तुजं तोंड असं व्हायचं त्या टायमाला, की म्हटलं, ऱ्हाऊ दे. निदान ही जागा तरी हाय तिला. ती बी काढून घेतली तर काय ऱ्हाईल?”

“सगळी बाया-मानसं मला वेडी समजत आसतील.”

“तुजं पानी घालनं कुनाला ठाऊक न्हाई. मलाच ठाऊक.” त्यानं मोटर हळूच वर्तमानपत्रावर ठेवली. “कुंडलिकतात्या आन बाकीची म्हातारी मानसं फाटकापतूरच आलती. तात्या म्हनाला, बांधाच्या कडंला ठेव, समद्यांची पोरं तिथंच ठेवत्यात. मी एकटाच पुढं गेलो. बांधावर गेलो बी. पर बांध काय, आज हितं हाय, उद्या वाटनीत चार हात सरकंल. नांगराचा फाळ लागंल. मला न्हाई बघवलं. मंग जुन्या हिरीकडं गेलो.”

नूतन उंबऱ्यात उभी होती. तिला खाली बसावंसं वाटत होतं आणि हलावंसं वाटत नव्हतं.

“तिथली मोट वढनाऱ्या बैलांची येजा करायची धाव हाय ना,” तो म्हणाला, “हिरीपासनं उताराला जाती ती. आज्याच्या टायमापासनं बैलांनी तुडवून तुडवून भुई निसता दगूड झालीया. मोट जाऊन इंजान बसल्यापासनं कुनी जात न्हाई तिकडं. पहार लागंना. लई येळ लागला मला. तिला तेवडा येळ शेजारी ठेवली व्हती, धोतराच्या पानात गुंडाळून.” त्यानं पहिल्यांदा तिच्याकडं बघितलं. “त्या धावंच्या वरल्या टोकाला ठेवलीया. तिथं नांगर कवाच जायचा न्हाई.”